वस्तुमान तूट आणि बंधन ऊर्जा: गेलेलं वस्तुमान नक्की गेलं कुठं?

करवीरकर

बारावीच्या भौतिकशास्त्रात अणुकेंद्रकाचा भाग आला की कोल्हापुरातल्या बहुतेक वह्यांत हे वाक्य सापडतं: "केंद्रक तयार होताना थोड्या वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं आणि हीच ऊर्जा प्रोटॉन-न्यूट्रॉनना बांधून ठेवते."

पाठ करायला सोपं आहे, पण जरा ताणलं की फाटतं. ती ऊर्जा केंद्रकातच राहून बांधायचं काम करत असेल, तर आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे (ऊर्जा = वस्तुमान × प्रकाशवेगाचा वर्ग) तिचं वस्तुमानही केंद्रकातच मोजलं जायला हवं. मग तूट, म्हणजे सुट्या कणांच्या बेरजेपेक्षा केंद्रकाचं कमी भरणारं वस्तुमान, दिसेलच कशी? आणि ती बाहेर निघून गेली असेल, तर गेलेली वस्तू आतल्यांना बांधते कशी? वर्गात हमखास येणारा तिसरा प्रश्न असा: हेलियममध्ये दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, चौघांपैकी हलका झाला कोण?

या तिन्हींना पुरून उरेल असं, फळ्यावर लिहिता येण्याजोगं उत्तर हवंय. आकडेमोडीतल्या नेहमीच्या चुकाही इथंच जमल्या तर मुलांना धाग्याचा दुवा देता येईल.

प्रयोगवही

वाक्याचा पहिला अर्धा भाग ढिला आहे, दुसरा चूक आहे. बंधन ऊर्जा म्हणजे आत ओतलेला डिंक नव्हे. केंद्रक जुळताना जेवढी ऊर्जा बाहेर गेली आणि ते पुन्हा सुटं करायचं तर जेवढी बाहेरून घालावी लागेल, त्या आकड्याचं ते नाव. बांधतं ते न्यूक्लीय बल.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ड्यूटेरियमचं, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनचं. मंद न्यूट्रॉन प्रोटॉनला मिळतो, ड्यूटेरियमचं केंद्रक तयार होतं आणि त्याच क्षणी २.२२४ एमईव्हीचा (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) गॅमा किरण बाहेर पडतो. आता वजनं बघा ('यू' हे अणूंसाठीचं वस्तुमानाचं एकक, एक यू म्हणजे ९३१.५ एमईव्ही). हायड्रोजन अणू १.००७८२५ यू आणि न्यूट्रॉन १.००८६६५ यू, बेरीज २.०१६४९०. ड्यूटेरियम अणू २.०१४१०२. तूट ०.००२३८८ यू, ९३१.५ ने गुणा, आले २.२२४ एमईव्ही. गेलं कुठं, याचं उत्तर त्या गॅमाजवळ आहे. (केंद्रकाच्या उलट्या धक्क्यात गेलेला वाटा इतका बारीक की या अंकांत दिसतही नाही.)

उलटा प्रयोग चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी १९३४ मध्ये केला. थोरियम मालिकेतून मिळणारा २.६२ एमईव्हीचा गॅमा ड्यूटेरियमवर सोडला आणि केंद्रक फुटलं. २.२२४ पेक्षा कमी ऊर्जेचे गॅमा कितीही संख्येने मारा, ते फुटणार नाही. गेलेली रक्कम परत भरल्याशिवाय सुटका नाही.

गूळपेठ

आपल्याकडं हे गुळावरून पटकन समजेल. गुळाचा रवा (ढेप) वखारीत राहिला की वजनात घट येते, व्यापारी ती धरूनच हिशेब करतो. म्हणून 'मास डिफेक्ट'ला 'वस्तुमान दोष' म्हणणं मला खटकतं. केंद्रकात काही बिघडलेलं नाही. 'तूट' हाच शब्द बरोबर.

तपकिरी_पाटी

शब्दाबद्दल शंभर टक्के सहमत, उदाहरणाबद्दल नाही. गुळातली घट म्हणजे पाण्याचे रेणू उडून गेले. मोजणी केली तर कण कमी भरतील. हेलियममध्ये आधी चार कण, नंतरही चारच. मोजणी तीच राहून वजन कमी होतं, हीच तर या विषयाची खरी गंमत. गुळाचं उदाहरण दिलं की मुलाच्या डोक्यात "काहीतरी कण बाहेर सांडले" असं घट्ट बसतं आणि ते पुढं निघता निघत नाही.

त्यापेक्षा राधानगरीचं धरण घ्या. पाणी वरून खाली येतं, जनित्र फिरवतं, वीज वायरीतून निघून जाते. पाण्याचा थेंबही कमी झालेला नाही, पण पाणी आणि पृथ्वी मिळून जी जोडी होती तिची ऊर्जा कमी झाली. ते पाणी परत वर चढवायचं तर तेवढी वीज खर्च करा. एक किलो पाणी ४० मीटर खाली आलं तर सुमारे ३९२ ज्यूल. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं तर वस्तुमानातली घट येते साधारण ४.४ भागिले १० चा १५ वा घात किलो. ही घट तत्त्वतः खरी आहे, फक्त कुठल्याही तराजूत ती दिसणार नाही. केंद्रकात 'उतार' एवढा खोल आहे की तराजूला दिसतो, फरक इतकाच.

गूळपेठ

मान्य. रवा मागे घेतो, शब्द ठेवतो.

भौतिकवेडी

तपकिरी_पाटी यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. 'तूट फक्त केंद्रकात असते' हाही गैरसमजच. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून हायड्रोजन अणू होताना १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर जातात, म्हणजे अणू सुमारे १० कोटी भागांत दीड भागाने हलका होतो. कोळसा जळताना किलोमागे साधारण ३ कोटी ज्यूल निघतात, तिथं घट एक किलोच्या ३०० कोटी भागांत एक भाग. हेलियमच्या केंद्रकात तीच तूट ०.७५ टक्के. तत्त्व तिन्हीकडं एकच, प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. रसायनशास्त्राच्या तासाला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम चालतो तो याच कारणानं.

शून्य_पूर्णांक

आता आकडेमोड. हेलियम-४ (४ म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून चार), पायरी सोडू नका.

दोन हायड्रोजन अणू: २ × १.००७८२५ = २.०१५६५०
दोन न्यूट्रॉन: २ × १.००८६६५ = २.०१७३३०
बेरीज: ४.०३२९८०
हेलियम अणू: ४.००२६०३
तूट: ०.०३०३७७ यू
बंधन ऊर्जा: ०.०३०३७७ × ९३१.५ = २८.३० एमईव्ही
दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन असो वा न्यूट्रॉन): ७.०७ एमईव्ही

सहा दशांश स्थळं का, असं मुलं विचारतात. कारण आपण जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करतोय आणि सगळं उत्तर शेपटाकडच्या अंकांत आहे. दोनच स्थळं घ्या: ४ × १.०१ = ४.०४, वजा ४.००, तूट ०.०४, उत्तर ३७ एमईव्ही. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा जास्त. तीन स्थळं घेतली तरी २८.९ येतं.

बोर्डाच्या पेपरात लॉग टेबल वापरणाऱ्यांसाठी: बेरीज-वजाबाकी हातानं पूर्ण अंकांनिशी करा, लॉग फक्त शेवटच्या गुणाकाराला लावा. आपलं टेबल चार अंकी. ४.०३२९८० ला आधीच ४.०३३ केलंत तर तिथंच घसरलात.

बारावी_ब

सर, प्रोटॉनचं वस्तुमान १.००७२७६ दिलं होतं, ते घेतलं तर २७.२७ येतंय. तीनदा केलं. पुस्तकात २८.३ आहे.

शून्य_पूर्णांक

तुझी बेरीज-वजाबाकी बरोबरच आहे, आणि अशी चूक होणारा तू एकटा नाहीस. डावीकडं नुसते प्रोटॉन घेतलेस, म्हणजे इलेक्ट्रॉन नाहीत. उजवीकडं ४.००२६०३ हे हेलियम *अणूचं* वस्तुमान, त्यात दोन इलेक्ट्रॉन आलेच. वजाबाकीत दोन इलेक्ट्रॉन जास्त गेले. एका इलेक्ट्रॉनचे ०.५११, दोघांचे १.०२२ एमईव्ही. २७.२७ मध्ये मिळव, २८.३० होतात.

नियम एकच: दोन्हीकडं अणू, नाहीतर दोन्हीकडं नुसती केंद्रकं. हायड्रोजन अणू घेतला की इलेक्ट्रॉन आपोआप कटतात. (इलेक्ट्रॉनांची स्वतःची बंधन ऊर्जा उरते, पण ती इथं इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हिशेबात, सोडून द्यायची.) जड केंद्रकात ही चूक महाग पडते. लोहाला २६ इलेक्ट्रॉन, म्हणजे सरळ १३.३ एमईव्हीचा फटका.

बारावी_ब

नाद खुळा! आलं २८.३०.

प्रयोगवही

इलेक्ट्रॉन दरवेळी आपोआप कटतात असं मात्र पक्कं धरू नकोस. बीटा-ऋण क्षयात, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन निघतो तेव्हा, अणूंची वस्तुमानं घेतली की हिशेब बरोबर बसतो. बीटा-धनात म्हणजे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनएवढाच, पण धन भाराचा कण) निघतो तेव्हा अणूंच्या फरकातून १.०२२ एमईव्ही वेगळे वजा करावे लागतात. सोडियम-२२ आणि निऑन-२२ या अणूंत फरक २.८४ एमईव्हीचा आहे, पण पॉझिट्रॉन क्षयाला त्यातले १.८२ च उपलब्ध.

तक्ता_वाचक

तक्ते वापरणाऱ्यांना अजून एक खड्डा. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बऱ्याचदा 'मास एक्सेस' दिलेला असतो, म्हणजे अणूचं वस्तुमान वजा त्याचा वस्तुमानांक (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या), ऊर्जेच्या एककात. ही वस्तुमान तूट नव्हे. कार्बन-१२ चा मास एक्सेस शून्य आहे, कारण एककाची व्याख्याच त्यावर केली. म्हणून कार्बनला तूटच नाही असं समजणारे भेटतात. प्रत्यक्षात ६ हायड्रोजन आणि ६ न्यूट्रॉन मिळून १२.०९८९४० होतात, तूट ०.०९८९४०, बंधन ऊर्जा ९२.२ एमईव्ही.

पण मास एक्सेस वापरता आला तर फार सोय होते, कारण मोठ्या संख्या आधीच गळालेल्या असतात. हायड्रोजन ७.२८९, न्यूट्रॉन ८.०७१, हेलियम-४ साठी २.४२५. दोन-दोन घेतले: १४.५७८ + १६.१४२ − २.४२५ = २८.२९५. दोन ओळींत काम झालं.

गूळपेठ

सगळ्यात घट्ट बांधलेलं केंद्रक लोह-५६, एवढं तरी निर्विवाद ना?

तक्ता_वाचक

नाही. दर न्यूक्लिऑनमागे बंधन ऊर्जा सर्वाधिक निकेल-६२ ची, ८.७९५ एमईव्ही. मग लोह-५८, ८.७९२. लोह-५६ तिसरं, ८.७९०.

करवीरकर

मग 'लोह-५६' सगळीकडं छापलेलं दिसतं ते का? परीक्षेत काय लिहायचं?

भौतिकवेडी

कारण दुसरा एक मान खरोखर लोह-५६ कडं आहे: दर न्यूक्लिऑनमागे *वस्तुमान* सर्वात कमी. ५५.९३४९३६ भागिले ५६ = ०.९९८८३८. निकेल-६२ साठी ६१.९२८३४५ भागिले ६२ = ०.९९८८४४. दोन्ही यादीत पहिला नंबर एकाचाच का नाही? निकेल-६२ मध्ये न्यूट्रॉनांचं प्रमाण जास्त, ६२ पैकी ३४. न्यूट्रॉन हायड्रोजन अणूपेक्षा जड. म्हणजे निकेलनं सुरुवातच जड मालानं केली. तूट जास्त दिली तरी शेवटी सरासरी किंचित जास्त उरली.

विश्वात लोह-५६ मुबलक आहे त्याला अजून वेगळं कारण. ताऱ्यात अल्फा (हेलियम-४ ची केंद्रकं) जोडत जोडत निकेल-५६ बनतं, त्याचं सुमारे ६ दिवसांच्या अर्धायुष्यानं कोबाल्ट-५६ होतं आणि कोबाल्टचं सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुष्यानं लोह-५६. निकेल-६२ पर्यंत जायला तशी सरळ वाट नाही.

परीक्षेत 'लोहाच्या आसपास कमाल, सुमारे ८.८ एमईव्ही' लिहावं. गुण मिळतील आणि खोटंही होणार नाही.

तपकिरी_पाटी

दर न्यूक्लिऑनमागच्या बंधन ऊर्जेचा वक्र हलक्या केंद्रकांपासून लोहापर्यंत चढतो आणि पुढं उतरतो, तो असा का, हे न सांगता पाठ करून घेणं मला पटत नाही. १९३५ मध्ये वाइत्सेकरनं केंद्रकाला थेंब मानून सूत्र दिलं. प्रत्येक न्यूक्लिऑन फक्त शेजाऱ्यांनाच धरतो, म्हणून बंधन आकारमानाच्या प्रमाणात. पृष्ठभागावरच्यांना शेजारी कमी, तेवढं वजा. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तेही वजा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांची संख्या असमान झाली की वजा. आणि जोड्या पूर्ण असल्या तर थोडं बक्षीस. लोह-५६ साठी प्रचलित गुणांक (१५.८, १८.३, ०.७१४, २३.२, १२) घालून पाहा:

८८४.८ − २६७.९ − १२१.३ − ६.६ + १.६ = ४९०.६ एमईव्ही

वस्तुमानांवरून आलेला आकडा ४९२.३. पाच पदांचं सूत्र अर्ध्या टक्क्याच्या आत पोचतं, हे दरवेळी पाहून आनंद होतो.

डावीकडं वक्र चढतो कारण छोट्या केंद्रकात जवळजवळ सगळेच पृष्ठभागावर. उजवीकडं उतरतो कारण प्रोटॉनांची ढकलाढकल दूरवर पोचते आणि वाढतच जाते, पकड मात्र शेजाऱ्यापुरतीच. हेलियमला हे सूत्र लावू नका, २२ च्या आसपास येतं आणि खरं २८.३ आहे. चार कणांचा थेंब होत नाही.

बारावी_ब

बंधन ऊर्जा धन आली म्हणजे केंद्रक स्थिर, असं लिहिलं तर चालेल?

प्रयोगवही

नाही चालणार. बेरिलियम-८ ची बंधन ऊर्जा ५६.५० एमईव्ही, चांगली दणदणीत धन. पण दोन हेलियम-४ ची मिळून ५६.५९. ०.०९ च्या फरकानं बेरिलियम-८ लगेच दोन अल्फांत फुटतं. सगळे कण सुटे करण्याशी तुलना पुरेशी नाही, शेजारी कुठला सखल खड्डा आहे का तेही बघायचं.

करवीरकर

विखंडनाच्या (जड केंद्रक फुटण्याच्या) गणितातही उत्तर जुळत नाही अशी तक्रार असते. युरेनियम-२३५ चं गणित केलं की १७३ एमईव्ही येतं आणि सगळीकडं २०० लिहिलेलं.

शून्य_पूर्णांक

दोन्ही बरोबर, टप्पे वेगळे. युरेनियम-२३५ अधिक न्यूट्रॉन: २३६.०५२५९५. बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन: २३५.८६६५६२. फरक ०.१८६०३३ यू, म्हणजे १७३.३ एमईव्ही. पण हे दोन्ही तुकडे न्यूट्रॉनांनी फुगलेले, तिथं थांबत नाहीत. बेरियम तीन बीटा क्षयांनी प्रेसिओडिमियम-१४१ होतं, क्रिप्टॉन चार क्षयांनी झिर्कोनियम-९२. शेवटची वस्तुमानं १४०.९०७६५३ आणि ९१.९०५०४० घाला, फरक ०.२१३९ यू, म्हणजे १९९ एमईव्ही. त्यातला काही भाग प्रतिन्यूट्रिनो (बीटा क्षयात निघणारे, जवळजवळ कशातही न अडकणारे कण) घेऊन जातात, तो अणुभट्टीच्या हाती लागत नाही.

मुलं इथं अजून एक घोळ घालतात: डावीकडचा एक न्यूट्रॉन विसरतात आणि उजवीकडचे तीन धरतात.

भौतिकवेडी

एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झालं तर सुमारे ८.२ × १० चा १० वा घात ज्यूल. गूळपेठ यांच्यासाठी: खाण्याच्या ऊर्जेच्या हिशेबात तो साधारण ५ टन गूळ झाला. आणि त्या एक ग्रॅममधली तूट? ०.९ मिलिग्रॅम. बाकी ९९.९ टक्के वस्तुमान राखेतच राहतं. 'युरेनियमचं ऊर्जेत रूपांतर होतं' हे ऐकून मुलांना वाटतं सगळंच नाहीसं होतं.

गूळपेठ

५ टन! बाजारात सांगायला आकडा मिळाला. पण एक शंका. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, मग वस्तुमानमापीत तो वळणारच नाही. त्याचं वजन सहा दशांशांपर्यंत आलं कुठून?

तक्ता_वाचक

फार चांगली शंका. ते ड्यूटेरियमवरूनच काढतात. ड्यूटेरियम आणि हायड्रोजन दोन्ही मापीत वळतात. २.०१४१०२ − १.००७८२५ = १.००६२७७. त्यात गॅमानं नेलेले २.२२४ एमईव्ही म्हणजे ०.००२३८८ यू मिळवले की १.००८६६५.

तपकिरी_पाटी

मग प्रयोगवही यांचं पहिलं उदाहरण गोल गोल फिरतंय! न्यूट्रॉनचं वस्तुमान आइन्स्टाइनचं सूत्र मानून काढलं आणि त्याच ड्यूटेरियमवर सूत्र 'पडताळलं'.

प्रयोगवही

बरोबर पकडलंत. ते उदाहरण समजावण्यासाठी ठीक, पुरावा म्हणून नाही. पुरावा वेगळा हवा. १९३२ मध्ये कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियम-७ वर प्रोटॉन मारले, दोन अल्फा निघाले. इथं न्यूट्रॉन सुटा येतच नाही. ७.०१६००३ + १.००७८२५ − ८.००५२०६ = ०.०१८६२२ यू, म्हणजे १७.३ एमईव्ही. अल्फांचा पल्ला मोजून काढलेली ऊर्जा याच्याशी जुळली.

अलीकडचा काटेकोर प्रयोग २००५ चा: सल्फर आणि सिलिकॉनची केंद्रकं न्यूट्रॉन गिळतात तेव्हाच्या गॅमांची ऊर्जा एकीकडं, आधीच्या-नंतरच्या वस्तुमानांतला फरक दुसरीकडं. जुळणी एक कोटीत सुमारे चार भागांपर्यंत. न्यूट्रॉनचं वस्तुमान तिथंही ड्यूटेरियमवरून घेतात, पण फरक वेगवेगळ्या केंद्रकांत घेतल्यानं वर्तुळ तुटतं: सूत्र चूक असतं तर सल्फर, सिलिकॉन आणि ड्यूटेरियम तिघांचा मेळ बसलाच नसता.

करवीरकर

तिसरा प्रश्न अजून राहिलाय. चौघांत हलका कोण झाला?

भौतिकवेडी

कोणीच नाही. १.००७८२५ आणि १.००८६६५ ही सुट्या, एकमेकांपासून दूर असलेल्यांची वजनं. केंद्रकात शिरल्यावर वस्तुमान एकेकट्याचं वाटून देता येत नाही, ते सगळ्या जुळणीचं असतं. आत ते शांत बसलेले नसतात. गतिज ऊर्जा भरपूर असते, ती बेरजेत *वाढ* करते. परस्पर आकर्षणाची स्थितिज ऊर्जा ऋण, आणि ती गतिजपेक्षा जास्त. ड्यूटेरियममध्ये या दोघींची बेरीज उणे २.२२४ एमईव्ही. ही उणे बाजू म्हणजेच तूट. राधानगरीत घट पाण्याची की पृथ्वीची, असं विचारण्यासारखं आहे: ती जोडीची.

करवीरकर

मग फळ्यावर असं लिहितो, खोडा किंवा राहू द्या:

"सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन न्यूक्लीय बलानं एकत्र आले की काही ऊर्जा बाहेर निघून जाते. त्या ऊर्जेचं वस्तुमान केंद्रकाच्या एकूण वस्तुमानातून कमी होतं, हीच वस्तुमान तूट. केंद्रक पुन्हा पूर्ण सुटं करायला तेवढीच ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, तिला बंधन ऊर्जा म्हणतात."

तपकिरी_पाटी

एक शब्द घाला. 'सुटे' च्या आधी 'स्थिर', म्हणजे इथं न हलणारे. ते वेगानं येऊन मिळाले तर त्यांची गतिज ऊर्जाही बाहेर पडते आणि निघालेली ऊर्जा तुटीपेक्षा जास्त भरते.

करवीरकर

घातला.